वाटेंत हरवलेलें पार्सल कोणाचें ?

व्यापाराच्या मुळाशीं देवघेव आहे आणि देवघेवीच्या मुळाशीं विश्वास आहे, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. पूर्वीं हा विश्वास समोरासमोरचा असे. वाण्याच्या दुकानांत जिन्नस पारखून घ्यावा, पैसे मोजून द्यावे आणि पिशवी घेऊन घरीं यावें. मध्यें तिसरा कोणी नसे. ऑनलाइन विक्रीनें मात्र या दोघांच्या मध्यें शेंकडों कोसांचें अंतर आणि एक तिसरा मनुष्य आणून उभा केला आहे. विकणारा एका गांवीं, घेणारा दुसऱ्या गांवीं, आणि जिन्नस ज्याच्या हातीं आहे तो वाहक दोघांच्याहि ओळखीचा नाहीं. पार्सल वेळेवर पोंचतें तोंपर्यंत या तिसऱ्याची आठवण कोणास होत नाहीं. तें हरवलें म्हणजे तिघांचीं तोंडें तीन दिशांना होतात आणि प्रश्न उभा राहतो, कीं हें नुकसान कोणाचें ?

हा प्रश्न आतां केवळ मोठ्या शहरांतील पेढ्यांचा राहिलेला नाहीं. आमच्या मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गांवींहि घरांत केलेलें मेतकूट, सांडगे, गोडा मसाला किंवा बंजारा भगिनींचें भरतकाम मोबाईलवरून विकतां येतें. मानोऱ्यास रेल्वे नाहीं. येथलें पार्सल रस्त्यानेंच निघावयाचें आणि मुंबई-पुण्यास पोंचेपर्यंत अनेक हात बदलावयाचें. जितके हात अधिक, तितकी चुकीला संधि अधिक. म्हणून या विषयाचा विचार कुटुंबांतील वडीलधाऱ्या मंडळींनींहि करून ठेवणें अवश्य आहे. कारण धंदा सुनेच्या किंवा मुलीच्या नांवें असला तरी लौकिक साऱ्या घराचा असतो.

आमच्या ओळखीच्या एका एकत्र कुटुंबांत घडलेली गोष्ट सांगतों. त्या घरची धाकटी सून घरगुती मसाले करून बाहेरगांवीं पाठविते. पुण्याच्या एका बाईंनीं तिच्याकडून चौदाशें रुपयांचें सामान मागविलें व रक्कम आगाऊ भरली. पार्सल एका खाजगी वाहक कंपनीकडे दिलें गेलें. आठव्या दिवशीं कंपनीच्या नोंदींत ‘पोंचतें केलें’ असा शेरा दिसूं लागला, आणि त्याच सायंकाळीं बाईंचा फोन आला कीं आपणांस कांहींच मिळालेलें नाहीं. कंपनीकडे विचारणा केली तेव्हां, आमच्या दप्तरीं पार्सल पोंचलेलें आहे, एवढेंच उत्तर आलें. रात्रीं जेवणें आटोपल्यावर घरांत चर्चा झाली. सासरे सरकारी कचेरींतून निवृत्त झालेले, कागदाला कागद लावून बोलणारे. ते म्हणाले,

“सूनबाई, पार्सल दिल्याची पावती आपल्याजवळ आहे. आपलें काम तेथें संपलें. आतां त्या बाईंनीं कंपनीला विचारावें.”

“मामंजी, त्या बाईंनीं कंपनीला कुठें पैसे दिले ? त्यांनीं आपल्याला दिले. कंपनी आपण निवडली. त्यांना तर तिचें नांवसुद्धां पार्सल निघाल्यावर कळलें.”

“आणि त्या बाई खोटें बोलत असतील तर ?”

“असतीलहि. पण तें आपल्याला दाखवितां येत नाहीं. आणि दाखवितां येत नाहीं तोंवर त्यांना खोटें कसें म्हणायचें?”

या संभाषणांत कोणीहि अडाणीपणानें बोललें नाहीं. सासऱ्यांच्या तोंडीं १९३० सालच्या कायद्याचें तत्त्व होतें, आणि सुनेच्या तोंडीं आजच्या ग्राहक-कायद्याचें. दोन्ही तत्त्वें समजून घेण्यापूर्वीं आपल्या धर्मशास्त्रानें या बाबतींत काय ठरविलें होतें तें पाहणें मनोरंजक होईल.

नारदानें गणलेल्या अठरा व्यवहारपदांत ‘विक्रीयासंप्रदान’ हें एक स्वतंत्र पद आहे. विकून वस्तु स्वाधीन न करणें, हा त्याचा अर्थ. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांतहि हें प्रकरण आहे. तेथील निर्णयाचा आशय असा : किंमत घेऊन मागणी झाली असतांहि विक्रेत्यानें वस्तु दिली नाहीं, आणि मग राजाच्या कृतीनें किंवा दैवयोगानें तिची हानि झाली, तरी ती हानि विक्रेत्याचीच. उलट, विक्रेता देण्यास सिद्ध असतां घेणाऱ्यानें ती उचलली नाहीं, तर हानि घेणाऱ्याची. वाहकासंबंधींहि स्मृतिकार मौन धरीत नाहींत. राजा व दैव हीं दोन कारणें वगळून अन्य रीतीनें माल नष्ट झाला, तर तो वाहकाकडून भरून घ्यावा, असें याज्ञवल्क्य सांगतो. या तिन्ही निर्णयांचें सूत्र एकच आहे : ज्याच्या हातून कसूर झाली त्याच्या माथीं नुकसान.

१९३० सालचा माल-विक्रीचा कायदा दुसऱ्या दिशेनें विचार करतो. कसूर कोणाची, हें तो प्रथम विचारीत नाहीं. त्या क्षणीं मालकी कोणाची, हें विचारतो. त्याच्या २६ व्या कलमाप्रमाणें, निराळा करार नसेल तर धोका मालकीच्या मागोमाग जातो. आणि ३९ वें कलम म्हणतें कीं, ग्राहकाकडे माल पाठवावयाचा असतां तो वाहकाच्या स्वाधीन करणें म्हणजे प्रथमदर्शनीं ग्राहकाच्याच स्वाधीन करणें होय. येथपर्यंत वाचलें म्हणजे सासऱ्यांचा पक्ष बिनतोड वाटतो. पावती फाटली, काम संपलें !

परंतु ‘प्रथमदर्शनीं’ हा शब्द विसरतां कामा नये. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागांत विक्रेत्यावर एक कर्तव्य लादलेलें आहे. मालाचें स्वरूप आणि इतर परिस्थिति पाहून त्यानें वाहकाशीं योग्य तो करार केला पाहिजे. कांचेची बरणी साध्या कागदांत गुंडाळून, किंवा मोलाची पैठणी किंमत न नोंदवितां पाठवून दिली आणि ती वाटेंत गेली, तर ‘वाहकाला दिलें म्हणजे मला दिलें’ हें मानण्यास ग्राहक नकार देऊं शकतो, किंवा नुकसानभरपाई मागूं शकतो. शिवाय करार हा कायद्याच्या या सामान्य नियमाहून वरचढ आहे. ज्यानें आपल्या जाहिरातींत ‘घरपोंच देऊं’ असें लिहिलें, त्यानें वाटेचा धोका आपल्या शिरावर घेतला असें म्हणण्यास जागा होते.

पैसे कधीं दिले जातात यावरहि बरेंच अवलंबून आहे. आपल्या देशांत टपालखात्यानें १८७७ सालीं व्ही. पी. ची पद्धति सुरू केली, आणि पुढें कित्येक पिढ्या पुस्तकें, औषधें, घड्याळें खेड्यापाड्यांत याच मार्गानें गेलीं. पोस्टमननें पैसे घ्यावे आणि पार्सल द्यावें, हा तो साधा व्यवहार. अशा मालाची मालकी बदलते कधीं ? रतलामच्या एका सुगंधी तेलें व अत्तरें करणाऱ्या पेढीच्या आयकराच्या खटल्यांत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें १९५९ सालीं आला. न्यायालयानें ठरविलें कीं, पैसे भरून माल हातीं पडेपर्यंत तो विकणाऱ्याच्याच ताब्यांत राहतो. मालकी तेव्हांच जाते. ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ हें या व्ही. पी. चेंच नवें रूप आहे. तेव्हां रक्कम दारांत घ्यावयाची असेल, तर वाटेंतील हानि विक्रेत्याची, याविषयीं फारसा वाद राहत नाहीं.

वाद राहतो तो आगाऊ पैसे घेतल्यावर. येथें एक दुसरा निवाडा मार्गदर्शक आहे, आणि तो आपल्या महाराष्ट्रांतील एका सुप्रसिद्ध कारखान्याच्या प्रकरणांतील असल्यानें वाचकांस विशेष जिव्हाळ्याचा वाटेल. कऱ्हाडजवळची ओगलेवाडी औंध संस्थानांत असतांना तेथील ओगले काच कारखान्यानें हिंदुस्थान सरकारला कंदील पुरविले होते. सरकारनें त्यांची किंमत चेकनें टपालांतून पाठविली. ही रक्कम कारखान्यास कोठें मिळाली, ओगलेवाडीस कीं चेक टपालांत पडला त्या दिल्लीस, यावर कराचा प्रश्न अवलंबून होता. सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालीं निर्णय दिला तो थोडक्यांत असा : घेणाऱ्यानें उघडपणें किंवा व्यवहाराच्या ओघांत टपालानें पाठविण्यास सांगितलें असेल, तर टपाल हें घेणाऱ्याचें मुखत्यार, तसें सांगितलेलें नसेल, तर तें पाठविणाऱ्याचें मुखत्यार. कारखान्यानें चेक पाठविण्यास स्वतःच लिहिलें होतें, म्हणून टपाल त्याचें ठरलें आणि रक्कम दिल्लीस मिळाली असें मानलें गेलें.

हा खटला पैशांचा होता, मालाचा नव्हे. तरी त्यांतील विचार आपल्या प्रश्नाच्या गाभ्याला हात घालतो. दूत कोणाचा ? ज्यानें त्याला पाठविण्यास सांगितलें त्याचा. ग्राहकानें ‘अमक्याच वाहकाकडून पाठवा’ असा आग्रह धरला असेल तर गोष्ट निराळी. परंतु ऑनलाइन खरेदींत वाहक निवडतो बहुधा विक्रेता किंवा त्याची बाजारपेठ. ग्राहकाच्या हातीं केवळ पत्ता लिहिणें असतें. ज्याची निवड, त्याची जबाबदारी, हें न्यायाला धरून आहे.

आतां त्या तिसऱ्याकडे, म्हणजे वाहकाकडे वळूं. पुष्कळांची समजूत अशी असते कीं, पार्सल हरवलें तर टपालखातें किंवा कंपनी पूर्ण किंमत भरून देईलच. ही समजूत चुकीची आहे. १८९८ सालच्या टपाल-कायद्यानें सरकारनें, स्पष्ट शब्दांत पत्करलेली जबाबदारी सोडून, गहाळ वस्तूंची अन्य जबाबदारी नाकारली होती. त्या कायद्याची जागा २०२३ सालच्या नव्या कायद्यानें घेतली आणि तो १८ जून २०२४ पासून अमलांत आला. पण नियमांनीं ठरवून दिली असेल तेवढीच जबाबदारी, हें तत्त्व त्यानेंहि कायम ठेवलें. स्पीड पोस्टाच्या बाबतींत वर्षानुवर्षें चालत आलेला नियम असा, कीं वस्तु हरवल्यास हंशिलाच्या दुप्पट किंवा एक हजार रुपये, यांपैकीं जी रक्कम कमी असेल ती द्यावी. म्हणजे ऐंशी रुपये हंशील भरून चौदाशेंचें सामान पाठविलें, तर या नियमानें हातीं येणार एकशें साठ ! पूर्ण मोल हवें असेल तर वस्तूचा विमा उतरविणें हाच मार्ग.

खाजगी वाहकांची गोष्ट याहून थोडी बरी आहे, पण थोडीच. रस्त्यानें माल नेण्यासंबंधींचा २००७ सालचा कायदा १ मार्च २०११ पासून लागू झाला, आणि त्यानें घरपोंच माल नेणाऱ्या कुरिअरवाल्यांचाहि ‘वाहकां’त समावेश केला. माल हरवला तर वाहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचें ओझें त्यानें दावेदारावर ठेवलें नाहीं. हा मोठाच लाभ. परंतु किंमत जाहीर करून, जादा जोखमीचा दर भरण्याचें कबूल केलेलें नसेल, तर भरपाईला मर्यादा आहे. आणि पार्सल सोंपविल्या दिवसापासून १८० दिवसांच्या आंत वाहकास लेखी नोटीस दिलेली नसेल, तर दावाच चालत नाहीं. पावतीवरील बारीक अक्षरांतला मजकूरहि कोणी हंसण्यावारी नेऊं नये. एका कापड-निर्यातदार पेढीनें एका जगप्रसिद्ध कुरिअर कंपनीवर फिर्याद केली होती. सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं पावतीवर सही करून मान्य केलेली शंभर डॉलरांची मर्यादाच कायम केली. सही केली म्हणजे वाचलें असें धरलें जातें.

याप्रमाणें वाहक बहुधा अंशतः सुटतो. मग उरले दोघे. यांपैकीं ग्राहकाच्या बाजूनें नवा कायदा बराच झुकलेला आहे. ग्राहक-संरक्षणाचा २०१९ सालचा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि पाठोपाठ त्याच महिन्यांत ऑनलाइन व्यापाराचे नियम आले. ठरल्या मुदतीनंतर माल आला, तर ऑनलाइन बाजारपेठेंतून विकणाऱ्यानें, आपल्या आटोक्याबाहेरील आपत्तीचा अपवाद सोडून, तो परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास नकार देऊं नये, असें त्यांत सांगितलें आहे. उशिरां आलेल्या मालाविषयीं जर हा दंडक, तर मुळींच न आलेल्या मालाविषयीं विक्रेत्यास हात झटकतां येतील, हें संभवत नाहीं. बाजारपेठ चालविणाऱ्यांच्या तक्रार-अधिकाऱ्यानें ४८ तासांत तक्रारीची पोंच द्यावी व महिन्याच्या आंत तिचा निकाल लावावा, असाहि नियम आहे. शिवाय ग्राहकास आपण राहतों त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागतां येते. म्हणजे मानोऱ्याच्या विक्रेत्यास चौदाशें रुपयांसाठीं पुण्यास जाब देण्याची पाळी येऊं शकते.

ज्या इंग्लंडच्या १८९३ सालच्या कायद्यावर आपला १९३० चा कायदा बेतलेला आहे, त्या इंग्लंडनें तर २०१५ सालीं ही बाब निःसंदिग्ध केली. घरगुती ग्राहकाच्या प्रत्यक्ष हातीं माल पडेपर्यंत धोका विक्रेत्याचा. ग्राहकानें स्वतःच निराळा वाहक नेमला असेल तरच अपवाद. तिकडे राहणारीं आपलीं मुलेंबाळें ज्या नियमाला सरावलीं आहेत तो हा.

कायद्याचें सोडा, न्याय काय म्हणतो? माझ्या मतें, पैसे आगाऊ घेतले असतां पार्सल हातीं पडेपर्यंत विक्रेता हा ग्राहकाचा ऋणको आहे. वेष्टण तो करतो, वाहक तो निवडतो, विमा उतरविणें त्याच्या हातीं, पावती त्याच्यापाशीं, आणि वाहकाशीं करारहि त्याचाच. त्याहून महत्त्वाचें म्हणजे हानीची वांटणी करणें त्यालाच शक्य आहे. ग्राहकाचें पार्सल एकच. तें गेलें म्हणजे त्याचें सर्व गेलें. विक्रेत्याचीं शंभर जातात.

उदाहरणार्थ हिशेब करून पाहूं. समजा, पांचशें रुपयांच्या एका पार्सलांत सामान तीनशें चाळीस रुपयांचें, पाठवणावळ साठ रुपये आणि प्राप्ति शंभर. एक पार्सल हरवून पुन्हां पाठवावें लागलें तर चारशें रुपये गेले, म्हणजे चार पार्सलांची प्राप्ति बुडाली. लहान धंद्याला हा चिमटा मोठाच आहे. याच भीतीनें माणसें हात झटकतात. पण शंभरांत एक हरवतें असें धरलें, तर दर पार्सलामागें चार रुपये बाजूस काढून ठेवले कीं भागलें. हे चार रुपये किंमतींत आधींच धरून त्यांचा निराळा डबा करावा. आपल्या आज्या भाजीच्या पैशांतून अडीअडचणीचा डबा भरीत, त्यांतलीच ही रीति आहे.

तथापि ग्राहक म्हणजे निर्दोष देवमूर्ति असें कोणी समजूं नये. चुकीचा पत्ता दिला, फोन बंद ठेवला, माणूस दारीं आला असतां ‘उद्यां या’ म्हणून परत लाविला, आणि मग माल गेला, तर स्मृतिकारांच्या न्यायानें ती हानि घेणाऱ्याची. पत्त्यावरील सहा अंकांचा पिन कोडदेखील बिनचूक लिहिण्याचा कंटाळा सुशिक्षित माणसें करतात, याचें नवल वाटतें. ही योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यांतील अधिकारी आणि संस्कृतचे नामांकित कवि होते, हें आपणां मराठी माणसांस अभिमानास्पद आहे. पहिला अंक देशाचा विभाग दाखवितो, महाराष्ट्राचा चार; पहिले तीन मिळून टपाल निवडण्याचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष टपालकचेरी. एक अंक चुकला कीं पार्सल भलत्याच प्रांताच्या वाटेला लागतें.

आणि जो ग्राहक माल मिळूनहि ‘मिळाला नाहीं’ म्हणतो, तो चोरच होय. त्याच्यासाठीं सर्वांना चोर मानण्याचें कारण नाहीं; पण उपाय आहे. घेणाऱ्याच्या मोबाईलवर आलेला सांकेतिक अंक सांगितल्याविना पार्सल द्यावयाचें नाहीं, अशी सोय पुष्कळ वाहकांकडे असते. टपालखात्यानेंहि १ सप्टेंबर २०२५ पासून देशांतर्गत रजिस्टर टपाल स्पीड पोस्टांत विलीन केल्यानंतर अशी सोय अल्प जादा आकारांत दिली आहे. ज्याच्या नांवें आहे त्याच्याच हातीं द्यावें, अशी नोंदहि करतां येते. मोलाच्या पार्सलास हे थोडे रुपये खर्चण्यांत कसली काटकसर ?

घरांतून विक्री करणाऱ्यांनीं पाळण्याजोगे नियम थोडके आहेत. मागणी घेतांनाच, वाटेचा धोका कोणाचा आणि किती दिवसांत माल पोंचेल, हें दोन ओळींत लिहून कळवावें. वेष्टण करतांना छायाचित्र घ्यावें, वजन पावतीवर नोंदवून घ्यावें, आणि पत्त्याची एक चिठ्ठी पार्सलाच्या आंतहि घालावी, म्हणजे वरची फाटली तरी आंतली बोलेल. मोलाचा जिन्नस किंमत जाहीर केल्याविना पाठवूं नये. पावती निदान सहा महिने जपावी. आणि पार्सल अडल्याचें दिसतांच, ग्राहकाचा फोन येण्याची वाट न पाहतां, आपणच त्यास कळवावें. हरवलेल्या मालाचा राग माणूस विसरतो. टाळाटाळीचा विसरत नाहीं.

त्या घरीं शेवटीं काय झालें, असें वाचक विचारतील. सासऱ्यांनीं दोन दिवस विचार केला आणि स्वतः कंपनीला लेखी तक्रार लिहून दिली. सुनेनें तिसऱ्या दिवशीं तेंच सामान पुन्हां बांधून पाठविलें. पहिलें पार्सल आजतागायत सांपडलेलें नाहीं. कंपनीनें पाठवणावळ तेवढी परत केली. पुण्याच्या बाईंनीं दुसरें पार्सल मिळाल्याचें दोन शब्दांत कळविलें, आणि पुढें त्यांची मागणी आलेली नाहीं. त्यांचें पहिलें पार्सल खरोखर हरवलें होतें कीं काय, हें त्या घरांत कोणालाच ठाऊक नाहीं.

म्हणून सुनेनें केलें तें व्यर्थ गेलें असें मला वाटत नाहीं. चांगुलपणाचें व्याज दर वेळीं त्याच खातेदाराकडून मिळतें असें नाहीं. तिनें एक ऋण फेडलें आणि आपल्या मालाच्या किंमतींत चार रुपये वाढविले. आतां तिच्या प्रत्येक मागणीपत्रावर एक ओळ असते, आणि ती सासऱ्यांनीं आपल्या कचेरींतल्या भाषेंत लिहून दिलेली आहे : ‘पार्सल आपल्या हातीं पडेपर्यंत त्याची जोखीम आमची.’